डॉक्टरांपासून तरी लपवू नकोस

प्रिय मुली,

तू पत्राच्या शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेते, कारण तोच तुला रात्री झोपू देत नसावा. ‘वजन उतरवायचं ऑपरेशन करून मी चूक केली का, ताई?’ नाही केलीस. तुझी तेव्हाची फाईल मला आठवते. पंचविशीत मधुमेह, झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री मशीन, दोन मजले चढायचे तर मध्ये बसावं लागायचं, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४३. डाएट, जिम, काढे, सगळं करून झालं होतं आणि प्रत्येक वेळी उतरलेलं वजन व्याजासकट परत आलं होतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे ४,००० लठ्ठ लोकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली, निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं, निम्म्यांचं नाही. २००७ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी असल्याचं स्पष्ट दिसलं. तुझी शुगर आज गोळीशिवाय काबूत आहे, मशीन कपाटात गेलंय. हे सगळं खरं आहे. आणि जेवल्यावर तुझे हात थरथरतात, कंगव्यात केसांचे पुंजके येतात, हिमोग्लोबिन ८.४ वर आलंय, कॅन्टीनमध्ये तू सगळ्यांसमोर कोसळलीस, हेही खरं आहे. एका ऑपरेशनातून दोन्ही आलंय. दुसरं खरं आहे म्हणून पहिलं खोटं ठरत नाही.

मला खरी काळजी वाटली ती तुझ्या पत्रातल्या एका साध्या वाक्याची. कंपनीच्या डॉक्टरांनी ‘आधी कधी काही ऑपरेशन झालंय का?’ असं विचारलं आणि तू ‘नाही’ म्हणालीस.

का म्हणालीस ते मला कळतं. आईने नातेवाइकांना अपेंडिक्स सांगितलंय. ऑफिसात तू डाएटिशियनचं नाव पुढे केलंस. स्थळं बघणं चालू आहे, आणि ‘आयतं बारीक झाली, जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं’ असं बोलणारी तोंडं आपल्याकडे कमी नाहीत. इतकी वर्षं या विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम केल्यावर मला वाटतं, या ऑपरेशनानंतर जे त्रास होतात त्यातले बहुतेक वेळेवर आवरता येतात. हाताबाहेर जातात ते बरेचदा समोरच्या डॉक्टरला ऑपरेशनचं माहीतच नसतं म्हणून. त्यामुळे हे लांबलचक पत्र लिहितेय. यातलं काही तुला ऑपरेशनच्या आधी आम्ही सांगितलं होतं, पण तेव्हा तू घाबरलेली होतीस आणि घाबरलेल्या माणसाच्या कानात फार थोडं शिरतं.

आधी आतमध्ये नेमकं काय बदललंय ते समजून घे. तुझा बायपास झालाय. जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी ठेवलीय, आणि लहान आतड्याचा खालचा भाग वर आणून तिला जोडलाय. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अजून पोटातच आहे, पण अन्न तिकडून जात नाही. शेताचा पाट वळवल्यासारखं आहे हे: पाणी पुढे लवकर पोचतं, पण मधले वाफे कोरडे राहतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्या मधल्या भागातच शोषलं जातं. तुझ्या मैत्रिणीचं स्लीव्ह झालंय. तिच्या जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकलाय, पण आतड्याची वाट तीच आहे. तिला छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास जास्त व्हायचा, तुला इतर गोष्टींचा. म्हणून तिच्या गोळ्या, तिचा आहार, तिचे अनुभव तसेच्या तसे उचलू नकोस.

आता कॅन्टीनचं. तू लिहितेस की भात-वरण आणि वर वाढदिवसाचा गुलाबजाम खाल्लास, तेव्हा काही झालं नाही, आणि दोन तासांनी घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली. याला बहुतेक ‘लेट डम्पिंग’ म्हणतात, खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी शुगर एकदम खाली जाणं. जठराचं दार राहिलं नाही, म्हणून गोड आणि पिठूळ अन्न धाडकन आतड्यात उतरतं, रक्तातली साखर झपकन चढते, आतड्यातून निघणारी संप्रेरकं स्वादुपिंडाला जोरात हाक देतात, आणि इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं. ऑपरेशननंतर साधारण वर्ष उलटल्यावर हे सुरू होणं नेहमीचं आहे, आणि तुला सव्वा वर्ष झालंय. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पोट कळवळणं, धडधड, जुलाब, आडवं व्हावंसं वाटणं ही ‘अर्ली डम्पिंग’ची लक्षणं, ती वेगळी. दोन्ही गोष्टी तुझ्या कितीतरी आधीपासून डॉक्टरांना माहीत आहेत. अल्सरसाठी जठर कापायचे त्या काळापासून, म्हणजे शंभर वर्षांपासून डॉक्टर हे बघत आलेत. तुझ्या इच्छाशक्तीचा याच्याशी काहीएक संबंध नाही.

पण मी अंदाजावर थांबणार नाही आणि तूही थांबू नकोस. हिमोग्लोबिन ८.४ असलेल्या माणसाला चक्कर नुसत्या उठण्यानेही येते, पाणी कमी प्यायलं तरी येते. म्हणून शुगर मोजायचं छोटं मशीन घे आणि पुढच्या वेळी थरथर सुरू होताच बोट टोचून आकडा लिहून ठेव. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घे, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ, आणि आकडा वर आला की लगेच थोडे शेंगदाणे, पनीरचा तुकडा किंवा उकडलेलं अंडं खा. हे दुसरं पाऊल लोक विसरतात. भीतीपोटी अख्खा फ्रूटीचा डबा किंवा चार पेढे खाल्ले की साखर पुन्हा चढते आणि दोन तासांनी पुन्हा पडते, आणि दिवसभर तेच चक्र. आकडा ५४ च्या खाली गेला, शुद्ध हरपली, किंवा आठवड्यात पुन्हा पुन्हा असं झालं, तर सर्जन आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे डॉक्टर) दोघांनाही दाखवायचं. कार्बोहायड्रेट सावकाश पचावं म्हणून जेवणाबरोबर घ्यायची औषधं आहेत, पण ती त्यांनी ठरवायची. आणि तोवर थरथर वाटत असताना स्कूटरला किल्ली लावायची नाही. हे मी आज्ञा म्हणून लिहितेय.

जेवणाचं म्हणशील तर अडचण पदार्थांपेक्षा आपल्या मराठी ताटाच्या सवयींची आहे. सकाळी पोहे किंवा चहा-बिस्कीट, दुपारी वरण-भात, संध्याकाळी पुन्हा चहा आणि काहीतरी, रात्री पोळी-भाजी. यात प्रथिनं कुठे आहेत? वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा. तुला दिवसाला किमान ६० ग्रॅम हवीत आणि पोटात जागा दोन चमच्यांपासून सुरू झालेली, आता फार तर एक वाटी. त्यामुळे ताटात आधी हात जाईल तो उसळीकडे, अंड्याकडे, माशाकडे, पनीरकडे, घट्ट दह्याकडे. मग भाजी. भाकरी किंवा भात शेवटी, जागा उरली तर. बेसनाचं किंवा मुगाचं धिरडं पोह्यांपेक्षा चांगलं. सोयाबीनच्या वड्या तुला आवडत नाहीत हे माहीत आहे, तरी भाजीत मिसळून बघ. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, आणि जेवायला वीस-तीस मिनिटं लावायची, कॅन्टीनमध्ये सगळे उठले तरी. उपासाचं सांगते, रागावू नकोस: चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे तुझ्यासाठी जवळजवळ शुद्ध साखर आहे. सोडवत नसेल तर उपास दाणे, दही आणि राजगिऱ्यावर कर. आईला वाईट वाटेल. तिला सांग की ताईंनी लिहून दिलंय.

हिमोग्लोबिनचं मूळ वर सांगितलंच. पाळीत रक्त जास्त जातं, लोह शोषणारा भाग वाटेवर नाही, त्यात ॲसिडिटीची गोळी महिनोन्‌महिने चालू, आणि लोहाची गोळी तू सकाळच्या चहाबरोबर घेतेस असं लिहिलंयस. चहा त्या गोळीचं काम बिघडवतो. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान तास-दोन तासांनी, आणि कॅल्शियम लोहापासून कमीत कमी दोन तास दूर. कॅल्शियम सायट्रेटच बघून घे, कारण दुकानात पटकन मिळणारं कार्बोनेट पचायला ॲसिड लागतं आणि तुझ्या पिशवीत ते फारसं नाही. एवढं करूनही फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, वर येत नसेल तर शिरेतून लोह देतात. ते घ्यायला घाबरू नकोस. गोळी लागू पडत नाही, यात तुझा दोष कुठे आला? बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा आणि चोरपावलांनी येते. शाकाहारी माणूस मुळातच कमी साठ्यावर असतो. तळपायाला मुंग्या, बधिरपणा, विसरभोळेपणा सुरू झाला तर रिपोर्टची वाट न बघता सांग. महिन्याचं इंजेक्शन स्वस्त आहे आणि चांगलं काम करतं.

केसांबद्दल तू सगळ्यात जास्त लिहिलंस आणि मी सगळ्यात थोडं लिहिणार आहे. वजन झपाट्याने उतरलं की तीन-सहा महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकांचे वर्षभरात परत येतात. तुझे अजून गळतायत ते लोह आणि प्रथिनं कमी आहेत म्हणून. ते भरलं की थांबेल. पण तू इंटरनेटवरून मागवलेल्या झिंक आणि बायोटिनच्या गोळ्या आजच बंद कर. जास्त झिंकमुळे शरीरातलं तांबं कमी होतं, आणि तांबं कमी झालं की पुन्हा रक्त कमी, वर चाल बिघडते. बायोटिनने थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात, मग औषधोपचारही चुकीचे.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते. उलट्या.

आमच्याकडे तालुक्याच्या गावातून एका तरुणाला आणलं होतं. बायपासनंतर अडीच-तीन महिन्यांनी त्याला खाल्लेलं सगळं उलटून पडू लागलं. घरच्यांनी गावात ऑपरेशन लपवलं होतं, म्हणून जवळच्या दवाखान्यात ‘पित्त झालंय’ एवढंच सांगितलं. तिथे अशक्तपणासाठी ग्लुकोजच्या सलाईनच्या बाटल्या लावल्या. समोरच्या डॉक्टरच्या जागी कोणीही असतं तरी तेच केलं असतं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्यापर्यंत आला तेव्हा त्याला एकाचे दोन दिसत होते, उभं राहवत नव्हतं, दिवस कोणता हे सांगता येत नव्हतं. बी-१, म्हणजे थायमिनचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. उलट्या चालू राहिल्या की तो संपतो. अशा वेळी आधी थायमिन न देता ग्लुकोज दिलं, तर उरलंसुरलं थायमिन ती साखर वापरण्यात खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. तो मुलगा वाचला, बराचसा सुधारला, पण चालताना अजून भिंतीचा आधार घेतो. एक वाक्य आधी सांगितलं असतं तर हे टळलं असतं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

म्हणून एक दिवसाच्या वर उलट्या थांबल्या नाहीत, पाणीही टिकत नसेल, तर घरी बसायचं नाही. आणि कुठल्याही दवाखान्यात, अगदी मध्यरात्रीच्या ड्युटी डॉक्टरलाही, पहिलं वाक्य हे: ‘माझा गॅस्ट्रिक बायपास झालाय, ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्या.’

पोटदुखीचंही असंच. वजन उतरतं तेव्हा आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातली चरबीही कमी होते, आणि ऑपरेशनच्या जोडणीपाशी उरलेल्या फटी मोठ्या होतात. त्यातून आतडं सरकून त्याला पीळ पडू शकतो. ऑपरेशनच्या वेळी फटी शिवलेल्या असल्या तरी शक्यता शून्य होत नाही. दुखणं खाल्ल्यावर कळ येऊन सुरू होतं, पाठीत जातं, मग आपोआप थांबतं, सोनोग्राफीत काही दिसत नाही, रक्ताचे रिपोर्ट चांगले. घरात ओवा आणि हिंगाचं पाणी दिलं जातं, ‘गॅस झालाय’ म्हणून. असं दुखणं परत परत येत असेल तर सर्जनला वेळ घेऊन दाखव. आणि कळ दोन-तीन तासांत ओसरली नाही तर तडक मोठ्या हॉस्पिटलात जा, जिथे सीटी स्कॅन आणि ही ऑपरेशनं करणारा सर्जन दोन्ही आहेत. पीळ पडलेल्या आतड्याला सकाळपर्यंत थांबता येत नाही. उजवीकडे बरगडीखाली दुखलं तर पित्ताशयातले खडेही असू शकतात, भराभर वजन उतरणाऱ्यांत ते पुष्कळ जणांना होतात. तेही लवकर दाखवायचं, कारण खडा नळीत उतरला तर तोंडातून दुर्बीण घालून काढायची नेहमीची वाट तुझ्या बाबतीत सरळ राहिलेली नाही.

डोकं किंवा कंबर दुखली की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. जोडणीच्या जागी अल्सर होतो आणि तो फुटूही शकतो. पॅरासिटामॉल चालेल. सिगारेट तर नाहीच, तुझ्या आजीची मिश्रीही नाही. दारू तू पार्टीत एखादा ग्लास घेतेस असं लिहिलंयस. तो ग्लास आता पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढतो, शुगरही पाडतो, आणि बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून पुढे दारूची सवय जडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. खाण्यात मिळणारा आधार गेला की मन दुसरा शोधतं. मला विचारशील तर सोडून दे.

लग्नाचं तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. साऱ्या भावकीला सांगायची गरज नाही, अपेंडिक्स तर अपेंडिक्स. पण ज्याच्याशी लग्न ठरेल त्याला साखरपुड्याआधी तू स्वतः सांग. घर एक झालं की तुझी ताटातली एक वाटी, गोळ्यांचा डबा, थरथर हे सगळं त्याला दिसणारच आहे, आणि कोसळलीस तर ग्लुकोज कुठे आहे हे त्यालाच माहीत असायला हवं. ऐकून पाठ फिरवणारा आधीच फिरवू दे. दिवस राहण्याचं: ऑपरेशननंतर एक ते दीड वर्ष थांबायचं असतं, ते तुझं आता भरत आलंय, पण रक्त भरल्याशिवाय नाही. पीसीओडीमुळे तुझी पाळी अनियमित होती, वजन उतरल्यावर ती रुळावर आलीय, म्हणजे दिवस राहण्याची शक्यता तुला वाटते त्यापेक्षा खूप जास्त आहे. गर्भनिरोधक गोळ्यांवर बायपासनंतर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचार. आणि पुढे गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन शुगर बघतात, ती तपासणी तू करायची नाहीस. तुला तिथेच भोवळ येईल. त्याऐवजी आठवडाभर घरी बोट टोचून नोंदी ठेवता येतात. पुन्हा तेच, त्यांना ऑपरेशनचं माहीत असेल तर.

पैशांचा विषय तू लाजत काढलास, मी मोकळेपणाने बोलते. ऑपरेशनला लाखो रुपये गेले, कर्जाचे हप्ते चालू आहेत, आणि दर महिन्याचा गोळ्यांचा खर्च डोळ्यांत भरतो. वर्षभरानंतर गोळ्या सोडणारे काही जण याच कारणाने सोडतात. तुला कपात करायची असेल तर परदेशी प्रोटीन पावडर बंद कर, केसांच्या गमी बंद कर. अंडी, दही, ताक, मोडाची मटकी, शेंगदाणे यांत तुझं भागेल. मल्टिव्हिटामिन, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ यांतलं एकही थांबवायचं नाही. हे आयुष्यभराचं आहे. वर्षातून एकदा तपासण्याही आयुष्यभराच्या, त्यात पॅराथायरॉइडचं संप्रेरक घालायला सांग. कॅल्शियम कमी पडलं की हे संप्रेरक वाढतं आणि शरीर कॅल्शियम हाडांतून काढून रक्तात भरतं, त्यामुळे रक्तातला कॅल्शियमचा आकडा शेवटपर्यंत चांगला दिसतो. एचबीए१सीवरही, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवरही, सध्या फार विश्वास ठेवू नकोस, रक्त कमी असताना तो आकडा फसवतो.

पोटाच्या लोंबत्या कातडीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण ती ओळ खोडून पुन्हा लिहिलेली दिसली. घडीत पावसाळ्यात चिघळतं, तेव्हा अंग पुसून पूर्ण कोरडं करून सुती कापड ठेव, लाल झालं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. कातडी काढायचं ऑपरेशन करायचं असेल तर वजन स्थिर झाल्यावर आणि रक्त भरल्यावर, त्याआधी कोणी म्हणालं तरी नाही. आरशात बघवत नाही हे मला समजतं. इतकी मेहनत घेऊन जे शरीर मिळालं ते चित्रातल्यासारखं नाही, याचं दुःख होतं आणि ते करायला तुला पूर्ण मुभा आहे. पण ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असं तू लिहिलंयस ते मी बोलण्याचा भाग म्हणून सोडून देणार नाही. या ऑपरेशनानंतर काही जणांचं मन खोल खचतं, हे आम्हाला माहीत आहे आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या विभागातल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मी तुझ्यासाठी मागते. मध्येच रात्री तो विचार आला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. किंवा मला कर, वेळ बघू नकोस. औषध सुरू झालंच तर त्यांनाही बायपासचं सांग, कारण सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्या तुझ्या पोटात नीट काम करत नाहीत.

आता कामाचं. हॉस्पिटलातून डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद यांची प्रत काढून घे, त्यात आतडं किती लांबीवर जोडलंय ते असतं. एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून पाकिटात आणि फोनच्या कव्हरमध्ये ठेव: गॅस्ट्रिक बायपास झालाय, तारीख, सर्जनचा नंबर, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं नकोत, ग्लुकोजआधी थायमिन, नाकातून नळी अंदाजाने घालू नये, पोटदुखी असेल तर आतड्याला पीळ आहे का बघावं. ऑफिसमध्ये तुझ्या शेजारी बसणाऱ्या त्या एका मैत्रिणीला तरी सांग की तुझ्या ड्रॉवरमध्ये ग्लुकोज आहे आणि तू घामाघूम दिसलीस तर काय करायचं. कारण सांगावंसं वाटलं नाही तर ‘शुगर पडते’ एवढं पुरे. आणि कंपनीच्या डॉक्टरांकडे उद्याच पुन्हा जाऊन ते ‘नाही’ दुरुस्त कर. ते रागावणार नाहीत. रागावलेच तर माझा नंबर दे.

सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला जा, त्या सकाळी लोहाची गोळी घेऊ नकोस, रक्त दिल्यावर लगेच खायला उकडलेलं अंडं डब्यात ने. रिपोर्टचे फोटो मला पाठव. गुरुवारी सर्जनांची ओपीडी आहे, अकराचा नंबर मी लावून ठेवलाय. येताना शुगरच्या आकड्यांची वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि आईला घेऊन ये. तिला ओपीडीनंतर माझ्या खोलीत थोडा वेळ बसवते. तू घरात चमचाभर कमी खाल्लंस की ती घाबरते, आणि चमचाभर जास्त वाढते. तिच्याशी मी बोलेन.

तुझी,
ताई